शिवेवरचं लिटर

५ मार्च, शनिवार

बीडला वर्ग सुरू. 'व्यवस्थापकांसाठी अर्थशास्त्र'. सहा शनिवार, दहा ते चार. जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांची चाळीसएक माणसं. आमच्या दूध संघातून दोघं, मी आणि कौशल्या. (यापुढं फक्त कौ. तिच्या नावावर एवढी शाई घालवणार नाही.)

मॅनेजरसाहेब मे अखेर रिटायर होतात. चेअरमन तोंडानं बोलले नाहीत, पण दोघांना पाठवलंय म्हणजे दोघांतून एक. मी बी.कॉम., चौसाळ्याच्या केंद्रावर एकोणीस वर्षं. ती बारावी, तीही बाहेरून. मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातली, सहा वर्षांपूर्वी दुधाची फॅट तपासायला लागली. आमच्यात तुलना करायची तरी कशी, ते चेअरमनच जाणोत.

सरांनी पहिलाच प्रश्न टाकला. पाण्यावाचून माणूस मरतो, सोन्यावाचून कुणी मरत नाही. मग पाणी स्वस्त आणि सोनं महाग, असं का? वर्ग हसायलाच लागला. मागून कोणी तरी म्हणालं, "सर, आमच्या गावात टँकर आणून दाखवा, मंग पानी सस्तं का म्हाग ते बोलू." सर गोंधळले. बाहेरगावचे, त्यांना काय कल्पना.

मला उत्तर येत होतं. घटती उपयोगिता. बी.कॉम.ला दहा मार्कांना आलं होतं. घसा साफ करून हात वर करतोय तोवर कौ. बसल्या जागेवरून बोलली, "सर, पयला हंडा पेयाला. दुसरा सैपाकाला. तिसरा जनावराला. चवथा मिळाला तर आंगुळीला. तुमी भाव कोन्त्या हंड्याचा इचारायलाव?"

सरांनी तिला परत बोलायला लावलं. फळ्यावर चार हंडे काढले. ते दिवसभर पुसले नाहीत.

येताना जीपमध्ये मी पुढं, ती मागं. एकदाच म्हणाली, "भाऊ, तुमच्यापाशी कालेजातलं पुस्तक हाय का? वाचायला द्या की." शोधतो म्हटलं. पुस्तक कपाटात समोरच आहे.

७ मार्च, सोमवार

चार हंड्यांची गोष्ट माझ्याआधी केंद्रावर पोचली. चेअरमन गाडीतून उतरता उतरताच, "काय कौसाबाई, सरांनाच शिकवलं म्हनं!" मग माझ्याकडं बघून, "दत्ता, तुमी बी बोलत जा की जरा."

बोलत जा. एकोणीस वर्षं या माणसाची भाषणं लिहून दिली मी.

१२ मार्च, शनिवार

आजची गोष्ट लिहिल्याशिवाय चैन पडणार नाही.

विषय सीमांत खर्च. सरांनी विचारलं, सीमांत म्हणजे काय? या वेळी मी तयारीनं गेलो होतो. उभा राहिलो आणि म्हटलं, "उत्पादनाचा एक नग वाढवला असता एकूण खर्चात होणारी वाढ म्हणजे सीमांत खर्च." एक शब्द इकडचा तिकडं नाही. सर "छान" म्हणाले आणि पुढं "अजून कोणी?"

अजून कोणी! उत्तर दिल्यावर अजून कोणी कशाला?

कौ. उठली. "सीमा म्हंजी शीव. सीमांत म्हंजी शिवंवरचं. आमच्या दुधाच्या गाडीची शेवटची वस्ती पार शिवंवर हाय. तिथलं लिटर आनायला जे डिझेल जळतं, त्ये सीमांत."

वर्ग खो खो हसला. खोटं कशाला बोलू, सगळ्यात मोठ्यानं मीच हसलो. म्हटलं आली एकदाची जाळ्यात. सरही हसले, पण फळ्याकडं वळून लिहायला लागले. "शब्दाचा अर्थ चुकला बाई, गोष्ट मात्र अचूक धरलीत. गाडी तर निघालेलीच आहे. शेवटच्या वस्तीपर्यंत जायचं की अलीकडून परतायचं, एवढाच प्रश्न. तिथपर्यंत जाण्याचा जो जादा खर्च, तेवढाच बघायचा."

फळ्यावर मोठ्या अक्षरांत: शिवेवरचं लिटर.

चहाच्या वेळेला साखर कारखान्याचा माणूस शिवंवरचा ऊस म्हणत होता, सूतगिरणीवाला शिवंवरचं सूत. वर्गाचा शब्दच झाला तो. माझी व्याख्या कुणी उतरूनसुद्धा घेतली नाही. शेजारच्याच्या वहीत डोकावून खात्री केली.

१५ मार्च, मंगळवार

सौ. म्हणाली, जेवताना कौ.चं नाव मी सात वेळा घेतलं. मोजत बसली होती म्हणे.

"जळायलाव कावून तिच्यावर? नवरा पुन्याला जाऊन बसला, फिरकत न्हाई. जमीन न्हाई, जुमला न्हाई. हाय काय तिच्यापाशी?"

तेच तर. काही नाही तिच्यापाशी आणि तरी

जळतो मी. वहीत लिहायला काय हरकत आहे. तिचा आवाज कापत नाही, त्यावर जळतो. बाया दूध घालायला येतात आणि घरची सुखदुःखं तिला सांगतात, मला फक्त "पावती द्या" म्हणतात. चुकलं की ती "चुकलंच माजं" म्हणून मोकळी होते, मला ते जन्मात जमलं नाही. अक्षर मात्र तिचं कोंबडीचे पाय. तेवढंच समाधान.

१९ मार्च, शनिवार

संधी खर्च. एक निवडलं की दुसरं जे हुकतं, त्याची किंमत. प्रत्येकानं आपल्या आयुष्यातला दाखला द्यायचा.

मी म्हटलं, बी.एड.ला नंबर लागला होता, पण संघाची नोकरी धरली. मास्तर झालो असतो तर आज हेडमास्तर असतो. सगळे नुसते बघत राहिले. दाखला बरोबर होता, तरी सांगताना तक्रार अर्ज वाचल्यासारखा वाटला.

कौ.: "मी शाळंत जायाचे, तवा मेंढरं धाकटा भाऊ राखायचा. त्याला अजून सही येत न्हाई. माजी बारावी त्यानं भरली सर. तुमच्या शास्त्रात त्याला संधी खर्च म्हनत्यात, आमी इतके दिस त्याला दादाचे उपकार म्हनतो." धाकट्याला ती दादा म्हणते.

पुढच्या बाकावर कोणी तरी डोळे पुसले. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला राग आला. माझ्या दाखल्यावर कुणाच्या डोळ्यांत आलं नाही.

शेवटी काम दिलं. आपल्या संस्थेतला एक निर्णय निवडायचा, शिकलेल्या रीतीनं तपासायचा, वर्गात मांडायचा. मी २ एप्रिल, ती ९ एप्रिल. दोन्ही दिवशी चेअरमन येणार. ते कशासाठी येणार, हे सांगायला नको.

२१ मार्च, सोमवार

विषय ठरला. दुष्काळात सगळीकडलं दूध आटलंय. गाडी सहा ठिकाणी थांबते. त्यातली शेवटची माळवस्ती, तिच्या एकटीसाठी नऊ किलोमीटरचा खडकाळ रस्ता. पूर्वी तिथून तीन कॅन यायचे, आता अर्धासुद्धा भरत नाही. शिवेवरचं लिटर!

तिचाच शब्द घेऊन मांडणार. माळवस्ती कौ.चं माहेर आहे, हेही मला माहीत आहे. लिहून ठेवतो, उगाच नंतर नाही म्हणायला नको.

२२ मार्च, मंगळवार

आकडे पक्के करायला सकाळी दुधाच्या गाडीतून गेलो. ड्रायव्हर मुनीरभाई. मला बघून त्याचा चेहरा पडला. का ते माळवस्तीला कळलं. मागचे रिकामे कॅन उतरवायला हात लावला तर सहा कॅन जडशीळ. पाणी! आमच्या केंद्राच्या बोअरचं.

"साब, इसकू लिखो नक्को," मुनीरभाई म्हणाला. "गाडी तो खालीच आती ना."

टँकर नऊ किलोमीटर अलीकडंच थांबतो, हा रस्ता चढत नाही. जानेवारीपासून हे चाललंय. दुधाच्या कॅनमध्ये दुसरं काही भरायचं नाही हा संघाचा पहिला नियम, कळलं तर मुनीरभाई त्याच दिवशी घरी. परत आल्यावर कॅन उकळत्या पाण्यानं कोण धुतं? कौ.च. त्यासाठीच ती रोज तासभर लवकर येते. मला वाटायचं, चेअरमनच्या नजरेत भरायला येते.

तेवीस घरं, घराला एक कळशी. ढकलाढकली नाही. पाणी घेतलं की त्याच बायका दूध घालतात, कुणी लिटर, कुणी पावशेर. एका म्हातारीनं मला मोठा साहेब समजून सांगितलं, "सायेब, चाऱ्याच्या छावनीला न्हेनार होतो म्हशी. पर तुमचं पानी येतंय म्हनून दावनीला ठिवल्या."

म्हणजे तिथलं दूध त्या पाण्यामुळं टिकलंय. हे मला तिथं उभ्या उभ्याच कळलं. बी.कॉम. आहे मी.

वहीत उतरवलं: किलोमीटर, डिझेल, लिटर. पाण्याचा रकाना आखला नाही. संघाच्या कागदावर पाणी नाहीच, मग मी कुठून आणू?

२४ मार्च, गुरुवार

धुळवड. कोरडीच. गल्लीतल्या पोरांनी राखेवर भागवलं. बसून पेपर पक्का लिहिला. दोनदा वाचला. कुठंही खोटं नाही त्यात.

कौ.ला कॉलेजचं पुस्तक नेऊन दिलं. का दिलं माहीत नाही. "लई उपकार भाऊ," म्हणाली. डोकं दुखत होतं, लवकर घरी आलो.

२ एप्रिल, शनिवार

मांडलं. आवाज कापला नाही. शेवटच्या नऊ किलोमीटरचा जादा खर्च इतका, तिथल्या दुधातून येतं इतकं, सबब फेरी पाचव्या थांब्यावरून परत फिरवावी. सर म्हणाले, "आदर्श मांडणी." चेअरमननी टाळी वाजवली म्हणून सगळ्यांनी वाजवली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

सरांनी विचारलं, कोणाला काही शंका?

मी कौ.कडं बघितलं. तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. एक वाक्य बोलली असती तर माझा कागद फाटला असता. पण त्या वाक्यात मुनीरभाईची नोकरी गेली असती. ती माझ्याकडं बघत होती. मी सरांकडं बघायला लागलो.

चेअरमन जीपमध्ये म्हणाले, "सोमवारपासूनच बंद करू ती फेरी." ती मागंच बसली होती.

४ एप्रिल, सोमवार

माळवस्तीची फेरी बंद. मॅनेजरसाहेबांनी खुर्ची दाखवून डोळा मारला, "बसून बघा, मापाची हाय का." बसलो नाही. बसावंसं फार वाटलं.

कौ. आज तासभर लवकर आली नाही. धुवायचे कॅनच नव्हते. वेळेवर आली, वेळेवर गेली. भांडली असती तर बरं झालं असतं.

६ एप्रिल, बुधवार

दुपारी तपासणीच्या टेबलापाशी मी आणि ती दोघंच. नळ्या धुता धुता म्हणाली, "भाऊ, तुमच्या मांडनीत एक बी आकडा चुकला न्हाई."

मी म्हटलं, हो, दोनदा तपासले होते.

"मुनीरभाई म्हनले, तुमी सोता कॅन उतरीवले."

मी म्हटलं, "कसले कॅन?"

असंच म्हणालो. कसले कॅन. तिनं पुढची नळी घेतली. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर मी काही तरी उत्तर दिलं असतं. तिला माझी लाज वाटली, एवढंच दिसलं.

८ एप्रिल, शुक्रवार

पाडवा. गुढी उभारली. सौ. म्हणते, "सनाचं तरी जरा हासा, मॅनेजर व्हायलाव." तिला काही सांगितलेलं नाही.

दुपारी चौकात मुनीरभाई दिसला. म्हणाला, माळवस्तीच्या दहा-बारा म्हशी छावणीला गेल्या, बाया टँकरपर्यंत नऊ किलोमीटर चालतात. सांगून झाल्यावर रोजच्यासारखा "चलता साब" म्हणाला नाही, तसाच गेला.

९ एप्रिल, शनिवार

शेवटचा वर्ग. कौ.ची मांडणी. माझी वाट लागली.

कागद एकच, कोंबडीचे पाय. म्हणाली, "दत्ताभाऊंनी येतानाची गाडी मोजली. मी जातानाची मोजली. गाडी रोज जाताना रिकामी जाते. रिकाम्या गाडीवर पान्याची टाकी ठिवली तर जादा खर्च किती? टाकीचा एकदाचा, आन बोअरच्या इजेचा. डिझेल तर जळतंच. सहाच्या सहा थांब्यांवर पानी द्यावं. पानी आलं तर लोक जनावरं छावनीला न्हेनार न्हाईत. जनावर दावनीला राहिलं तर दूध आपलं. पाऊस पडल्यावर बी लोक आपल्यालाच दूध घालतील, खाजगीवाल्याला न्हाई."

मुनीरभाईचं नाव नाही. कॅनचा उल्लेख नाही. जानेवारीपासून जे चोरून चाललं होतं, ते नवी योजना म्हणून मांडलं. माझी एकही रेघ खोडली नाही, वर "दत्ताभाऊंनी" म्हणून मान दिला.

मी त्या गाडीत बसून गेलो होतो. माझ्या हातांनी ते कॅन उतरवले. तरी मला हे सुचलं नाही, तिला सुचलं. माळवस्तीची बाई पाण्यासाठी चालते त्याचं वाईट मला नंतर वाटलं, आधी हेच वाटलं की हे माझ्या कागदावर का नाही. असला माणूस आहे मी.

सर मान डोलवत राहिले. चेअरमनचे डोळे मात्र चमकले. दिवाळीनंतर संघाची निवडणूक आहे. त्यांना टाकीवर स्वतःचा फोटो दिसायला लागला असणार.

११ एप्रिल, सोमवार

चेअरमननी खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"दत्ता, बाईचं बोलनं गोड हाय. पर टाकी घ्यायची म्हंजी संचालक कुरकुर करनार. त्या वस्तीवर जाऊन आलेले तुमी एकलेच. पान्यासाठी लोक खरंच जनावरं ठिवतील का, का नुसतं पानी पिऊन दूध खाजगीला घालतील? तुमी काय बगितलं ते लिहून द्या. उद्या अकराला मीटिंग. तुमच्या कागदावर ठरवू." मग हळूच, "आन मॅनेजरचं बी उद्याच उरकून टाकू."

त्यांना कसलं उत्तर हवंय, तेच कळलं नाही. खरं म्हणजे त्यांना कुठलंही चालेल.

"सांगता येत नाही" एवढं लिहिलं तरी पुरे. टाकी बारगळते, योजना बारगळते, तिची मांडणी वर्गापुरती उरते. माझी 'आदर्श' आहेच. आणि खोटंही ठरणार नाही, उद्याचं कोणाला सांगता येतं?

पाणी कुणी आणि कशात नेलं ते गाळून बघितलेलं लिहिलं, तरी माझा २ तारखेचा कागद मीच खोडला. पाणी होतं हे माहीत असून लपवलं, हे कळायला चेअरमनला वेळ लागणार नाही. मग खुर्ची तिची. मी तिच्या हाताखाली. रोज सकाळी "भाऊ" ऐकायचं, आणि सह्या तिच्या.

सौ.ला सगळं सांगितलं. कॅनचंसुद्धा. भाकरी थापायची थांबली. "बाया नऊ किलोमीटर चालायल्यात, आन तुमी हितं बसून इचार करायलाव?" हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मला मॅनेजरीन व्हायची लई हौस होती. तरी."

तरी काय, ते तिनं सांगितलं नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

सकाळी साडेनऊ. केंद्रावर लवकर येऊन बसलोय. संघाचा कोरा कागद समोर.

कौ. आत्ता येऊन गेली. फॅटची यादी ठेवली, पुस्तक परत केलं. कव्हर घालून आणलंय वर्तमानपत्राचं. मीटिंगचं एक अक्षर नाही. माझ्या कागदाचं चेअरमननी तिलाही सांगितलंय, हे मला माहीत आहे. मागायला आली असती तर नाही म्हणणं सोपं होतं. दारापाशी थांबून एवढंच म्हणाली, "भाऊ, घटत्या फलाचा धडा मला समजला न्हाई. सवड झाली की सांगताव का?"

तो धडा मला येतो. चांगला येतो. मी हो म्हटलं.

अजून जळतोय, ते काही गेलेलं नाही. आत्तासुद्धा वाटतंय, या बाईनं निदान एकदा तरी हलकटपणा करावा, म्हणजे सुटलो.

दहा वाजले. मुनीरभाई गाडी लावून पायरीवर बसलाय. संचालकांच्या गाड्या यायला लागल्या.

पहिलं वाक्य लिहिलं. 'मी दि. २२ मार्च रोजी दुधाच्या गाडीने माळवस्तीस समक्ष गेलो होतो.' हे दोन्हीकडं चालतं. दुसरं वाक्य कुठल्या तरी एकाच बाजूला जाणार. 'तेथे मी' इथवर लिहून पेन थांबलंय. चेअरमननी शिपाई पाठवला, दत्ताभाऊ, कागद मागितलाय. आलो म्हणून सांग, म्हटलं.

तेथे मी